रोल घरी धुवा, स्कॅनरसाठी मात्र निधी मोडू नका

प्रश्न, थोडक्यात: मी नोकरदार आहे, वय ३४. फिल्मवर फोटो काढतो, तेही फक्त ३५ मिमीवर. महिन्याला चारेक रोल होतात आणि लॅबचे बिल आता खुपायला लागले आहे. रोल धुणे आणि स्कॅन करणे, दोन्ही घरीच करायचे मनात आहे. सामानाची यादी, त्याचे दर आणि गेल्या वर्षीची लॅबची बिले सोबत जोडतो. माझ्या हिशेबाने दीड वर्षात खर्च वसूल होतो. अर्धी रक्कम आणीबाणीच्या निधीतून काढावी (त्यात सध्या तीन महिन्यांचा घरखर्च आहे) आणि अर्धी हप्त्यांवर घ्यावी, असा विचार आहे. मित्रांचे रोल धुऊन थोडी कमाईही होईल. हे करावे का?

उत्तर:

नमस्कार. यादीसोबत गेल्या वर्षीची बिलेही पाठवलीत, हे फार बरे केलेत. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या बिलांतच आहे.

आधी मोजमाप ठरवू. तुमची लॅब एका रोलची धुलाई आणि स्कॅनिंग मिळून जे पैसे घेते, ते मी १०० धरले आहेत. त्यातले ४० धुलाईचे, ६० स्कॅनिंगचे. तुमचे सगळे दर याच मापात बसवले. त्या हिशेबाने तुमची यादी ७,२०० ची होते: टाकी, रीळ, चेंजिंग बॅग, थर्मामीटर, मापे आणि बाटल्या ७००, रंगीत फिल्मसाठी तापमान स्थिर ठेवणारे यंत्र १,१००, फिल्म वाळवायचे कपाट ६००, आणि वापरलेला निकॉन कूलस्कॅन ५००० हा स्कॅनर ४,८००. महिन्याला चार रोल म्हणजे ४०० ची बचत, आणि १८ महिन्यांत ७,२००. तुमचा गुणाकार बरोबर आहे. ज्या आकड्यांचा तो केलात, ते मात्र तपासायला हवेत.

बिले मोजली तर गेल्या वर्षी तुम्ही २६ रोल दिलेत. चार महिन्यांत तुम्ही खरोखर चार-चार रोल संपवले आणि तीन महिने एकही नाही. छंदाचे असेच असते, त्यात वावगे काही नाही. पण खर्च किती वर्षांत निघेल हे पाहताना भरलेल्या महिन्यांचा वेग धरून चालत नाही, वर्षाची बेरीज धरावी लागते. म्हणून पुढचा सगळा हिशेब २६ वर: १५ कृष्णधवल, ११ रंगीत.

दुसरी गोष्ट, तुम्ही रसायनांचा खर्च धरलेलाच नाही. तुम्ही दिलेल्या दरांवरून कृष्णधवल रोलला डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन), स्टॉप (ती क्रिया थांबवणारे) आणि फिक्सर (चित्र कायम करणारे) मिळून साधारण १० पडतात. सी-४१ म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याची नेहमीची प्रक्रिया, तिच्या एक लिटरच्या रसायनांच्या किटला १३०. वर्षाला दोन किट धरले, तर लॅबचे २,६०० वाचतील आणि रसायनांवर ४१० जातील. निव्वळ बचत २,१९०. म्हणजे ७,२०० वसूल व्हायला दीड वर्ष नव्हे, सव्वातीन वर्षे लागतील, आणि त्यावर हप्त्यांचे व्याज वेगळे.

तरीही मी तुम्हाला नाही म्हणत नाही. तुमच्या यादीत मुळात चार वेगवेगळे निर्णय आहेत आणि तुम्ही ते एका गाठोड्यात बांधले आहेत. गाठोडे सोडू.

कृष्णधवल धुलाई घरी आणाच. याइतका सोपा आणि कमी जोखमीचा खर्च छंदांच्या जगात क्वचित सापडतो. २० अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी, एक टाकी, घड्याळ आणि फिल्म रिळावर चढवण्यापुरता अंधार, जो चेंजिंग बॅगेत मिळतो. पॅटरसनच्या टाकीत ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिलिलिटर द्रावण पुरते, त्यामुळे रसायन फुकट जात नाही. डी-७६ हा कोडॅकचा डेव्हलपर एकास एक पाणी घालून एकदाच वापरून टाकून दिला, तरी रोलमागे फारसा खर्च येत नाही. १५ रोलांवर प्रत्येकी ३० वाचले, वर्षाला ४५०. म्हणजे ७०० साधारण १९ महिन्यांत परत. टाकी आणि रिळे पुढे कित्येक वर्षे टिकतात आणि नको झाली तर विकलीही जातात.

डेव्हलपर निवडताना मात्र स्वतःच्या वेगाकडे पाहा. डी-७६ चे तयार द्रावण काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत सहा महिने टिकते. बाटली अर्धी झाली की दोनच महिने. तुमचे तीन-तीन महिने कोरडे जातात. मोठी बाटली स्वस्त म्हणून घेतलीत तर तिचा शेवटचा भाग ओतून द्यावा लागेल आणि रोलमागचे १० चे १६ होतील. लहान लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, नाहीतर रोडिनालसारखे दाट द्रावण घ्या. ते वर्षानुवर्षे टिकते आणि लागेल तेवढेच पाण्यात मिसळता येते. अधूनमधून फोटो काढणाऱ्याला पैशाच्या दृष्टीने हाच डेव्हलपर परवडतो. त्याचे दाणे थोडे ठळक येतात, ते तुम्हाला आवडतात का हे आधी एखाद्या साध्या रोलवर पाहून घ्या. फिक्सर पुन्हा पुन्हा वापरता येतो. फिल्मचा एक तुकडा त्यात टाका आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. ताज्या फिक्सरला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ लागायला लागला, की तो बदला. टाकून देताना तो नालीत ओतू नका. त्यात फिल्ममधली चांदी उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक असते. एका कॅनमध्ये साठवा आणि तुमची लॅब घेते का विचारा. वापरलेल्या फिक्सरमधून चांदी परत काढली जाते.

वाळवायचे कपाट यादीतून काढून टाका. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ होऊ द्यायची, धूळ खाली बसू द्यायची, मग फिल्म चिमट्याने टांगून दार लावून घ्यायचे. एवढ्या कामासाठी ६०० घालवू नयेत.

आता रंगीत. इथे मी तुम्हाला थांबवतो. सी-४१ चा डेव्हलपर ३७.८ अंशांवर चालतो आणि त्याची वेळ फक्त सव्वातीन मिनिटे. वेळ इतकी कमी असल्यामुळे तापमान थोडे घसरले तरी रंगांवर दिसते, म्हणूनच तुम्ही यंत्र यादीत घातलेत. कारण योग्य आहे, पण पैसे कुठे जातात ते पाहा. एक लिटर किटमधून बनावटीनुसार ८ ते १६ रोल निघतात. हा आकडा वाचून लोक रोलमागचा खर्च काढतात. पण एकदा मिसळलेले द्रावण फार तर काही आठवडे भरवशाचे राहते आणि तुमचे ११ रंगीत रोल वर्षभर विखुरलेले आहेत. दोन किट लागलीच, तर वर्षाला २६० खर्च करून लॅबची ४४० ची धुलाई वाचते. बचत १८०. त्यासाठी १,१०० चे यंत्र घेतले तर ते फिटायला सहा वर्षांहून अधिक लागतील. रंगीत रोल लॅबलाच द्या, फक्त "धुऊन द्या, स्कॅन नको" म्हणून सांगा. लॅबशी संबंध टिकून राहणेही तुमच्या हिताचे आहे.

राहिला स्कॅनर. तुमच्या खर्चाचा दोन तृतीयांश भाग या एकाच वस्तूत आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. कूलस्कॅन ५००० चांगले यंत्र आहे, इंचाला ४,००० बिंदू देते आणि तुमची निवड अभ्यासू आहे. पण निकॉनने ही मालिका केव्हाच बंद केली. आज मिळणारे प्रत्येक यंत्र जुने आहे, आणि बिघडले तर ते उघडून दुरुस्त करू शकणारा माणूस तुम्हालाच शोधावा लागेल. नवी बनत नाहीत म्हणून किंमत टिकून आहे, हे तुमचे म्हणणे खरे. मात्र ती चालू स्थितीतल्या यंत्राची किंमत. बंद पडलेल्याला तेवढी मिळत नाही. या यंत्राचे मोठे आकर्षण म्हणजे धूळ आणि ओरखडे आपोआप पुसणारी सोय, डिजिटल आइस. ती अवरक्त किरणांवर चालते, आणि नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते. म्हणजे तुमच्या २६ पैकी १५ रोलांवर ती सोय निरुपयोगी. जिचा निम्म्याहून कमी रोलांना उपयोग, तिच्यासाठी पूर्ण किंमत मोजणार आहात.

तुमच्याकडे २४ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा आहे, असे पत्रात ओझरते लिहिले आहे. मला ती ओळ सगळ्या यादीपेक्षा महत्त्वाची वाटली. त्याच्या फोटोची रुंदी ६,००० बिंदू. ३६ मिमी रुंदीच्या फ्रेमवर ते पसरले की इंचाला सुमारे ४,२०० होतात. कडेला थोडी जागा सोडली तर ४,०००. म्हणजे कूलस्कॅनच्या तोडीचा आकडा तुमच्या कपाटात आधीच आहे. हवे ते एवढेच: अगदी जवळून टिपणारी एखादी जुनी, हाताने फोकस करायची मॅक्रो लेन्स आणि गरज पडली तर एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायची नळी), कॅमेरा सरळ खाली रोखून धरणारा स्टँड, फिल्म सपाट ठेवणारा होल्डर आणि ९५ च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी माप) असलेला प्रकाशफलक. दिव्यात काटकसर करू नका, रंगीत निगेटिव्हचे रंग त्यावरच ठरतात. हे सगळे तुमच्या दरांत १,३०० च्या आत बसते. निगेटिव्हचे उलटे रंग सुलटे करायला डार्कटेबल या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधले निगाडॉक्टर फुकट आहे. वर्षाला २६ रोलांचे स्कॅनिंग, प्रत्येकी ६०, म्हणजे १,५६० वाचतात. दहा महिन्यांत वसूल. कॅमेऱ्याने घेतलेल्या स्कॅनवर धूळ तुम्हालाच पुसावी लागेल, रंगीत रोलवरसुद्धा, आणि रंग जुळवायला सुरुवातीला वेळ जाईल. ते काम तुम्हाला नकोसे वाटले, तर कृष्णधवल घरी स्कॅन करा आणि रंगीतचे लॅबकडेच राहू द्या. मग १५ रोलांचे ९०० वाचतील आणि वसुलीला साधारण सतरा महिने लागतील. तेही वाईट नाही.

म्हणजे ७,२०० ऐवजी २,०००, आणि बचत वर्षाला २,०१०. एका वर्षात फिटते. ही रक्कम तुमच्या मासिक बचतीतून तीन-चार महिन्यांत उभी राहते. आधी टाकी, मग लेन्स आणि दिवा. हप्ता नको. आणीबाणीच्या निधीला तर हात लावूच नका. एका पगारावर चालणाऱ्या घरात तीन महिन्यांचा खर्च ही कमीत कमी पातळी झाली. मी सहा महिन्यांचा सुचवतो. नोकरी गेली किंवा घरात दुखणे आले, तर जुना स्कॅनर विकून आठवड्यात पैसे हाती येत नाहीत, आणि घाईत विकणाऱ्याला भावही मिळत नाही.

मित्रांच्या रोलांची कमाई मी हिशेबात धरलेली नाही, तुम्हीही धरू नका. हौसेने एखाद्याचा रोल धुऊन द्या. पैसे घेतलेत की जबाबदारीही आली. कुणाच्या बाळाच्या बारशाचा रोल रिळावर चिकटला, तर तो प्रसंग परत आणता येत नाही.

फिल्मच्या किमतीकडेही लक्ष असू द्या. तुमच्या दरांत एक रोल ७५ ला पडतो आणि घरच्या लॅबमुळे त्यातला पैसाही कमी होत नाही. धुलाई स्वस्त झाली की हात सैल सुटतो. २६ चे ४० रोल झाले, तर फिल्मवरच १,०५० जास्त जातील आणि निम्मी बचत तिथे संपेल. जास्त फोटो काढायचे असतील तर जरूर काढा, त्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. फक्त वर्षाच्या सुरुवातीला फिल्मसाठी रक्कम बाजूला ठेवा आणि त्यातूनच घ्या.

कृष्णधवल हाती असण्याचे मोल मला पैशापलीकडचेही वाटते. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बंद केली, आणि ती धुणाऱ्या जगातल्या शेवटच्या लॅबने २०१० च्या अखेरीस रोल घेणे थांबवले. ती प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची होती की घरी करणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे ज्यांचे रोल राहून गेले त्यांना मूळचे रंग मिळायची वाट उरली नाही. कृष्णधवलचे तसे नाही. लॅब उद्या बंद झाली तरी तुमचे १५ रोल तुमच्या मोरीत धुतले जातील.

रंगीतची हौस असेलच, तर यंत्राशिवाय एक वाट आहे. प्रवासाहून आठ-दहा रंगीत रोल एकदम घेऊन आलात, तर तेव्हाच एक किट मिसळा. मोठ्या टबात ३९-४० अंशांचे पाणी घ्या, बाटल्या आणि टाकी त्यात आधी तापू द्या, आणि डेव्हलपर ३७.८ वर आला की सुरू करा. आठ रोलांची लॅबची धुलाई ३२० झाली असती, किट १३० चे. दोन दिवसांत १९० वाचतील. पहिला रोल मात्र त्या प्रवासातला टाकू नका. अंगणातले, गच्चीवरचे असे काहीबाही टिपलेला एखादा रोल आधी धुऊन बघा, आणि रंग ठीक आले की मग बाकीचे.