कोंबडीच्या रक्तात ठिपका, आपल्या रक्तात का नाही?

प्रश्न : चिकनच्या दुकानातून आणलेल्या रक्ताला रंग देऊन पाहिलं, तर प्रत्येक तांबड्या पेशीत जांभळा ठिपका दिसला. माझ्या रक्तात तो नाही. रंग देताना चुकलं का?
– विज्ञान शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : नाही चुकलं. तो ठिपका म्हणजे केंद्रक. पक्षी, सरडे, बेडूक, मासे यांच्या तांबड्या पेशींत ते राहतंच (एखाददुसरा अपवाद सोडा). सस्तन प्राण्यांत मात्र अस्थिमज्जेतच पेशी केंद्रक बाहेर टाकते. म्हणून आपली पेशी गोल, मधे दबलेली, सुमारे ७.५ मायक्रॉनची; कोंबडीची लंबगोल, साधारण १२ बाय ७. गोठ्यातल्या म्हशीचं रक्त पाहिलंत तरी ठिपका नाही. उंटाची पेशी लंबगोल असते, पण केंद्रक तिच्यातही नाही!

रक्त गोठण्याआधीच पातळ थर ओढून वाळवा. त्यावर लेशमनचे (रक्तपेशी रंगवायचं द्रावण) ८ थेंब, २ मिनिटांनी दुप्पट बफर पाणी (आम्लता स्थिर ठेवणारं पाणी), ८-१० मिनिटांनी धुवा. रक्त पातळ करायचंच तर १०० मिलि पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, कोंबडीची नुसती केंद्रकं उरतात. आणि हे रक्त माणसांच्या लॅबमधल्या मशीनला लावू नका. केंद्रकवाल्या तांबड्या पेशी ते पांढऱ्यांत मोजतं, आकडा भलताच फुगतो.