कूपरस्टाउन: बेसबॉलच्या आधीचे गाव

घरात बेसबॉलची कोणालाच आवड नसताना न्यू जर्सीहून न्यूयॉर्क राज्यातल्या, बेसबॉलच्या सन्मान-संग्रहालयासाठी (हॉल ऑफ फेम) ओळखल्या जाणाऱ्या कूपरस्टाउनपर्यंत जावे का, आणि तिथल्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या खुणा आज दिसतात का, असे आपण विचारले आहे. जरूर जावे. १८३९ मध्ये अब्नर डबलडे (पुढे अमेरिकी सैन्यात जनरल झालेले) यांनी बेसबॉल याच गावात शोधला ही कथा तशीही खोटी आहे. त्या वर्षी ते वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिकत होते.

सुरुवात मेन स्ट्रीटवरच्या दुकानांपासून न करता ऑट्सेगो सरोवराच्या दक्षिण टोकापासून करावी. चेसापीक उपसागरापर्यंत सुमारे ७१५ किलोमीटर वाहणारी सस्क्वेहाना नदी येथे उगम पावते, आणि इथे तिची रुंदी पाहून हसू येते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, १७७९ च्या उन्हाळ्यात, अमेरिकी जनरल जेम्स क्लिंटन यांच्या फौजेने या उगमावरच बांध घालून सरोवर तुंबवले आणि ऑगस्टमध्ये बांध फोडून त्या लोंढ्यावर दोनशेहून अधिक होड्या खाली नेल्या. पुढे जनरल सलिव्हन यांच्या अमेरिकी फौजेला मिळून इथल्या मूलनिवासी इरोक्वा लोकांची गावे आणि उभी पिके जाळायची, हा त्या मोहिमेचा हेतू होता. इरोक्वांची ताकद अशी मोडल्यानंतरच या भागात वसाहतकऱ्यांची रीघ लागली, हे ध्यानात ठेवून गाव पाहावे.

गाव वसवणारे विल्यम कूपर हे आपल्याच न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनचे, मूळचे गाडीची चाके घडवणारे कारागीर. कर्जात बुडालेले व्यापारी आणि जमीनमालक जॉर्ज क्रोगन यांची येथील जमीन त्यांनी एका भागीदारासह १७८६ मध्ये लिलावात घेतली आणि, त्यांच्याच सांगण्यानुसार, सोळा दिवसांत ४०,००० एकर विकून टाकली. हातात पैसा नसलेल्या कुटुंबांना त्यांनी जमीन भाडेपट्ट्याने न देता कायमच्या मालकीने, पण लांब मुदतीच्या उधारीवर दिली, आणि स्वतःही तिथेच राहायला आले. १७८९ च्या टंचाईत लोकांना मका वाटणे आणि नदीत जाळी लावून हेरिंग मासे धरवणे हेही त्यांनी केले. यात परोपकार किती आणि कर्जदार टिकवण्याची गरज किती, हे ठरवणे अवघड आहे; मला दुसरी बाजू जड वाटते. गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या उसाच्या साखरेला मेपल झाडाच्या रसापासून केलेल्या साखरेचा पर्याय उभा करण्याची त्यांची योजना मात्र फसली.

कूपर यांचा वाडा जिथे होता तिथे आज बाग असून, त्यांचे कादंबरीकार पुत्र जेम्स फेनिमोर कूपर यांचा पुतळा आहे. जवळच्या ख्राइस्ट चर्चच्या आवारात घराण्याची थडगी आहेत. सरोवराकाठच्या रस्त्याने उत्तरेला निघाल्यावर शेतकरी संग्रहालय आणि समोरच फेनिमोर कला संग्रहालय लागते. वेळ कमी असल्यास दुसऱ्यातील मूलनिवासींच्या कलावस्तूंचे दालन चुकवू नये.

सरोवराच्या उत्तर टोकाचा हाइड हॉल हा जुना वाडा शेवटी ठेवावा. १८१७ ते १८३४ या काळात तो बांधणारे जॉर्ज क्लार्क हे जमीन न विकता कुळांना भाड्याने देणारे जमीनदार होते, त्यामुळे कूपर यांच्या पद्धतीशी तुलना तिथे आपोआप होते. जुलैअखेरचा बेसबॉल सन्मान सोहळ्याचा आठवडा टाळावा, आणि हिवाळ्यात जाणार असल्यास संग्रहालये उघडी आहेत का, याची आधी चौकशी करावी.