संपाचे दिवस मोजताना हजेरीपट आधी बघ

बाय, संपाची नोंद घेताना गेटवरच्या गर्दीवरून आकडा टाकू नकोस. मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला.

समज, वेर्ण्याच्या एका कारखान्यात पटावर ३०० कामगार. सोमवारी १८० बाहेर, मंगळवारी २४०, बुधवारी ९०. एक कामगार एक दिवस बाहेर म्हणजे एक मनुष्यदिवस, तर वाया गेलेले मनुष्यदिवस झाले ५१०. तीनशे गुणिले तीन करून ९०० लिहिलंस तर कामगारांवरही अन्याय, मालकावरही. म्हणून रोजचा, पाळीनिहाय हजेरीपट माग. साप्ताहिक सुट्टी धरू नकोस.

केंद्र सरकारच्या श्रम ब्यूरोच्या आकडेवारीत दहा किंवा अधिक कामगारांचा कामबंदच येतो. राजकीय बंद नि सहानुभूतीचे संप त्यात नसतात, टाळेबंदी, म्हणजे मालकानेच काम बंद ठेवणं, मात्र असते. संप आणि टाळेबंदी वेगळ्या रकान्यांत ठेव. संप मिटल्यावर मालकाने गेट उघडलंच नाही, तर त्या तारखेपासूनचे दिवस टाळेबंदीचे, आणि इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. गेटवर लावलेल्या नोटिशीचा फोटो तारखेसकट काढून ठेव.

युनियन आणि व्यवस्थापन, दोघांकडून आकडे घे. फरक मोठा असेल तर स्वतः जाऊन विचार.