आधी रद्दीतल्या वह्यांचं बघा

पत्र : मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगा सांगलीत खोली घेऊन बारावी सायन्स झाला, ६१ टक्के पडले. इंजिनिअरिंग झेपेल असं वाटत नाही. चित्रांचा भारी नाद. फिजिक्सच्या पुस्तकाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पळणारा माणूस काढून ठेवलाय. चिडून मी त्याच्या चित्रांच्या वह्या रद्दीत घातल्या. आता एका संस्थेत थ्री-डी ॲनिमेशनचा दोन वर्षांचा कोर्स बघितलाय. फी साडेतीन लाख, बागेवर कर्ज काढीन. नोकरीची हमी देतात. पोरगं म्हणतं, टू-डी शिकायचंय, एकेक चित्र हातानं काढून करतात ते. टू-डी तर आता संपलं ना? कॉम्प्युटरच सगळं करत असेल तर चित्रं कशाला? तुम्हीच त्याला समजवा.

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रद्दीपाशीच थांबले. मार्कांचं मला फारसं काही वाटलं नाही. ६१ टक्क्यांवर कुणाचं आयुष्य अडत नाही. पण ज्या वह्या बघून मुलाला काय येतं ते कळलं असतं, त्या तुम्ही घालवल्या आणि मग त्याच क्षेत्रासाठी साडेतीन लाखांचं कर्ज काढायला निघालात. यात मुलाला काय ऐकू आलं असेल? तुझं ते खूळ, मी ठरवीन ते करिअर.

एक काम करा. ते फिजिक्सचं पुस्तक अजून घरात असेल तर हातात घ्या आणि अंगठ्याखालून पानं भरभर सोडा. कोपऱ्यातला माणूस खरंच पळायला लागला, तर तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंय तेच ॲनिमेशन आहे. पोरानं ते कुणी न शिकवता, पेन्सिलीनं केलंय.

आता ‘कॉम्प्युटर सगळं करतो’ याबद्दल. हा गैरसमज मुलांचं फार नुकसान करतो. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चौकटी, असतात. हातानं केलेल्या ॲनिमेशनमध्ये बरेचदा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, दहा सेकंदांना १२०. थ्री-डीत पात्र दरवेळी नव्यानं काढावं लागत नाही, एवढं खरं. मूर्तीसारखा आकार एकदा घडवायचा, हे मॉडेलिंग; त्याला रंग-पोत द्यायचा, आत हाडांचा सांगाडा बसवायचा. सांगाडा बसवण्याला रिगिंग म्हणतात. पण त्या पात्रानं मान कधी वळवायची, पाय कुठे टाकायचा, हे माणूसच ठरवतो. महत्त्वाच्या क्षणांच्या मुद्रा तो लावतो, त्या की-फ्रेम. मधलं कॉम्प्युटर भरतो, आणि ते त्याच्यावरच सोडलं तर चेंडू पडल्यासारखा वाटतच नाही, तरंगत खाली येतो. खरा चेंडू सुटल्यापासून सारख्या वेळात १, ३, ५, ७ अशा प्रमाणात अंतर कापतो. म्हणून चित्रं वर दाट आणि खाली विरळ ठेवावी लागतात. ही नजर वहीवर काढून काढून तयार होते आणि थ्री-डीतही तीच कामाला येते. १९९५ साली आलेला ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण कॉम्प्युटरवर केलेला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा; त्याचा दिग्दर्शक मुळात कागदावरचं ॲनिमेशन शिकलेला होता. आणि टू-डी संपलेलं नाही. जाहिराती, मुलांच्या मालिका, जपानी ॲनिमे यांत ते रोज होतंय, फक्त कागदाची जागा बऱ्याच ठिकाणी टॅब्लेटनं घेतलीय.

हमीचं म्हणाल, तर ती कागदावर मागा. मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत, नेमकं काय काम करतात, ते त्यांनाच फोन करून विचारा. त्यांचं काम बघायला मागा. मॉडेलिंग, रिगिंग, लायटिंग, ॲनिमेशन ही वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी कामं आहेत; दोन वर्षांत सगळं थोडं थोडं शिकवून सोडतात आणि मुलाला धड एकही येत नाही, असं मी पाहिलंय. बागेवर कर्ज काढू नका. निदान यंदा तरी नाही.

पुढच्या वाटा ठरलेल्या आहेत, त्यांच्या प्रवेश परीक्षा अशा : एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, आयआयटीच्या बी.डिझाइन या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड, राज्यातल्या बीएफए या चित्रकलेच्या पदवीसाठी एएसी सीईटी. चौकशी आत्ताच करा, तारखा निघून जातात.

त्याआधी मुलाला मोकळे तीन महिने द्या आणि त्याच्या मागे लागू नका. पेन्सिल-टूडी आणि ब्लेंडर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पहिलं साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. रद्दीवाल्याकडे वह्या अजून असतील तर तुम्ही स्वतः जाऊन आणा. नसतील तर नव्या घ्या आणि देताना चुकलं म्हणा. बापानं एवढं म्हटलं तर पोराला पुढे बरंच सोपं जाईल.

हा शेवटचा मजकूर त्याला वाचायला द्या. बाळा, बागेत जा आणि माल भरताना माणसं बघ. भरलेला क्रेट उचलण्याआधी गुडघे किती वाकतात, उचलताना मान कुठे जाते, पहिलं पाऊल कसं पडतं. मग तोच माणूस रिकामा क्रेट उचलतो ते बघ. दोन्ही काढ, पाच-पाच सेकंद, नुसत्या रेषेत, रंग नको. क्रेटवर द्राक्षं दाखवायची नाहीत. बघणाऱ्याला भरलेला कुठला ते कळलं, तर तो व्हिडिओ मला पाठव. नाही कळलं, तर पुन्हा बागेत जा.