अपूर्णांकांचा गुणाकार केल्यावर उत्तर लहान कसे येते?

आपला प्रश्न असा आहे की, ३/४ × १/२ = ३/८ हे पाचवीतल्या मुलीला पाठ आहे, पण "गुणले तर वाढायला हवे, मग कमी का झाले?" या तिच्या शंकेचे समाधान कसे करावे. शंका अगदी रास्त आहे, कारण तोवर तिने केवळ पूर्ण संख्याच गुणलेल्या असतात.

गुणिले या चिन्हाच्या जागी सुरुवातीला "चा भाग" असे वाचायला सांगावे. इंदूरच्या नमकीनच्या दुकानातून अर्धा किलो शेव आणली आणि तिचा पाऊण भाग पाहुण्यांसाठी काढून ठेवला, तर तो ३७५ ग्रॅम, म्हणजेच ३/८ किलो भरतो. मुळातच अर्ध्यातला भाग घेतल्यामुळे तो अर्ध्याहून कमीच असणार. हेच चौकोनी कागदावरही दाखवावे: उभ्या घड्यांनी चार सारखे पट्टे करून तीन रंगवावेत, मग कागद आडवा दुमडून वरच्या अर्ध्यावर रेघा माराव्यात. आठ चौकटींपैकी तीन चौकटींत रंग आणि रेघा दोन्ही दिसतात, आणि अंशाला अंशाने व छेदाला छेदाने का गुणतात, हेही तिथेच उलगडते.

त्यानंतर अडीच वाट्या पोह्यांचे प्रमाण निम्मे करायला द्यावे: ५/२ × १/२ = ५/४, म्हणजे सव्वा वाटी. ज्या घरांत आजी-आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी (म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे) अजून तोंडपाठ आहेत, तिथे उत्तर पडताळण्याचे काम खुशाल त्यांच्याकडे सोपवावे.