सुरुवातीचे ख्रिस्ती लोक शाकाहारी होते का? की शास्त्रातले अन्नाचे नियम ते फक्त प्रतीक मानत?

काही होते. सगळ्यांवर सक्ती कधीच नव्हती. प्रभूचा भाऊ याकोब मांस खात नसे, असं दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक हेगेसिपस सांगतो. येशूचा शिष्य मत्तय बिया, कठीण कवचाची फळं आणि भाजीपाल्यावर राहत असे, हे अलेक्झांड्रियाचा जुना ख्रिस्ती आचार्य क्लेमेंट याचं म्हणणं.

हा प्रश्न मला झोंबला, कारण आमच्याकडे नाताळच्या पंगतीत यावरून माझी शोभा झाली आहे. मटण नको म्हटल्यावर काका सगळ्यांसमोर कडाडले, "हे बामणी सोवळं कुठून आणलंस? देवाने पेत्राला काय सांगितलं? ऊठ, मारून खा!" काका चर्चच्या मंडळीत वडील म्हणून निवडलेले, सणाचा दिवस, त्यांना कोण उलट बोलणार? आई मुकाट्याने वरणभात घेऊन आली, पण घास उतरेना. नियमशास्त्र, म्हणजे जुन्या करारातले मोशेचे नियम, प्रतीक होतं, ते संपलं, आता न खाणं म्हणजे कृपेचा अपमान, हे काकांचं पालुपद आजही चालू आहे.

"मारून खा" हे बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये, अध्याय 10 मधलं; येशूचा शिष्य पेत्र याला दृष्टांतात सगळ्या तऱ्हेचे प्राणी दिसतात, तेव्हाचं. तो अध्याय काका अर्धाच वाचतात. पुढे कर्नेल्य या यहुदी नसलेल्या माणसाच्या घरी पेत्र स्वतःच अर्थ सांगतो: कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणायचं नाही. तो दृष्टांत माणसांबद्दल आहे. त्यावरून माझ्या ताटात मटण वाढता येत नाही.

प्रतीकाचं म्हणाल तर बर्णबाचं पत्र हे बायबलबाहेरचं जुनं ख्रिस्ती लिखाण वाचा. डुक्कर खाऊ नका, म्हणजे पोट भरलं की प्रभूला विसरणाऱ्यांची संगत धरू नका. घार-कावळा नको, म्हणजे दुसऱ्याचं ओरबाडून जगणाऱ्यांच्या नादी लागू नका. रवंथ करणारा प्राणी चालतो, कारण वचन मनात घोळवणारा माणूस तसाच असतो. मला हे फार आवडतं. पण नियम प्रतीक ठरला म्हणून मांस खाणं बंधनकारक होत नाही. शास्त्राचा आध्यात्मिक अर्थ लावण्यात तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याला उत्तर देताना तोच लिहितो की आमच्यातले काही मांस टाळतात, ते पायथागोरसच्या अनुयायांसारखं पुनर्जन्म मानून नव्हे, तर देहाला वळण लावण्यासाठी.

पौल भाजी खाणाऱ्याला दुर्बळ म्हणतो, हे तुम्हालाही कोणी ऐकवेल. त्याला रोमकरांस पत्र 14 मधलं लगेच पुढचं वचन वाचायला लावा: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये.

मात्र 314 साली अँकिरा (आजचं तुर्कस्तानातलं अंकारा) इथे भरलेल्या धर्मसभेने मांस टाळणाऱ्या पाळकांना सांगितलं होतं की आधी चाखा, मग हवं तर सोडा. मांसाबरोबर शिजलेली भाजीसुद्धा नाकारणाऱ्याचं पद जाई. म्हणजे विटाळ मानून सोडलं असेल, तर काकांचा राग योग्य आहे. मी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, सोडलं आणि ईस्टरनंतर पुन्हा खावंसं वाटलं नाही, इतकंच. मटणाच्या रश्श्यातला बटाटा मी आजही खाते.