घरी अहिराणी, बालवाडीत मराठी: साहित्य कुठे मिळेल? बारावीनंतर या क्षेत्रात काम कसं मिळेल?

ताई, ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी आणि इंग्रजी चित्रगोष्टी फुकट मिळतात, छापताही येतात. भाषांतराला मोकळीक आहे, म्हणून त्याच चित्रांखाली अहिराणी ओळी तुम्हीच लिहा. मुलगा-मुलगीशेजारी आंडोर-आंडेर दिसलं की गप्प बसणारं पोरगंही बोलू लागतं. गावातल्या आजींकडून खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. माझ्या मते यापेक्षा चांगलं साहित्य विकत मिळत नाही.

कामाचं म्हणाल तर अंगणवाडी सेविकेला बारावी आणि स्थानिक रहिवास लागतो. चौकशी तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात करा. मात्र तिथे पगार नसून मानधन असतं. म्हणून पदवी सोडू नका, पुढे मुख्य सेविकेची, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेची, परीक्षा देता येते.